‘रामदास’ आगबोट

बीडसारख्या जिल्ह्यांतील एका निवृत्त शाळामास्तरानें आगबोटीविषयीं बोलावें, यांत थोडें नवल आहे, हें मी जाणून आहें. आमच्या गांवांपासून समुद्र सुमारें तीनशें किलोमीटर दूर. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला, कीं बोलणें होतें तें विहिरीच्या तळाविषयीं, टँकरच्या फेऱ्यांविषयीं, फार तर माजलगांवच्या धरणांत किती सांठा उरला याविषयीं. लाटांविषयीं कोणी बोलत नाहीं. तथापि ज्या बोटीची हकीकत आज सांगावयाची आहे, तिचें नांव आमच्याच गोदावरीच्या खोऱ्यांतून समुद्रावर गेलेलें होतें. समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालीं जांब येथें झाला. तें गांव आज जालना जिल्ह्यांत मोडतें. आमच्या जिल्ह्यांतून पाहिलें तर तें गोदावरीच्या केवळ पलीकडच्या अंगास आहे. त्या संताचें नांव धारण करणारी एक आगबोट 1936 सालीं बांधली गेली, आणि 1947 सालच्या एका सकाळीं सहाशेंहून अधिक माणसांसह मुंबईजवळ बुडाली.

मीं अनेक वर्षें भूगोल शिकविला. समुद्र न पाहिलेल्या मुलांस बंदर, नांगर, सुकाणू हे शब्द समजावून देणें सोपें नसतें. परंतु नाव तरते कशी आणि कलथते कशी, हें सांगतांना मला फारशी अडचण पडली नाहीं. कारण काहील सर्वांच्या ओळखीची होती. गूळ करण्याच्या त्या मोठ्या पसरट कढईंत बसून पुराच्या दिवसांत माणसें नदी ओलांडीत. काहिलींत पाय ठेवणाऱ्यास नावाड्याची पहिली ताकीद अशी, कीं खालीं बसा आणि कांहीं झालें तरी उठूं नका. या एका वाक्यांत नौकाशास्त्राचा अर्धा पाठ आलेला आहे. पुराची नदी काय करूं शकते, हें आमच्या जिल्ह्यानें एकदां फार मोठ्या प्रमाणावरही पाहिलें. 1763 सालच्या ऑगस्टच्या 10 तारखेस राक्षसभुवन येथें निजामाचें कांहीं सैन्य गोदावरीपार आणि कांहीं अलीकडे अशा स्थितींत पेशव्यांनीं त्यास गांठलें, व दिवाण विठ्ठल सुंदर तेथेंच पडला. पण हा इतिहासाचा तास झाला. आपण बोटीकडे वळूं.

कोंकणच्या माणसास आगबोट म्हणजे काय होती, हें आज रस्त्यानें आणि रेल्वेनें जाणाऱ्यांस पुरतें कळणें कठीण आहे. एका बाजूस सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीस दर कांहीं कोसांवर चिरणारी खाडी. अशा मुलखांत पायीं किंवा गाडीनें मुंबई गांठणें म्हणजे दिवसांचें काम. आगबोटीनें तें रात्रभरांत होई. एकोणिसाव्या शतकांत शेफर्ड कंपनीच्या बोटी या किनाऱ्यानें धांवूं लागल्या, आणि कोंकणांतील तरुण गिरण्यांत, छापखान्यांत, घरकामांत शिरण्यासाठीं मुंबईस जाऊं लागले. बहुतेक बंदरांत पाणी उथळ, त्यामुळें आगबोट दूर खोल पाण्यांत उभी राही. उतारूंना पडावांत बसवून तिच्याजवळ नेत, आणि हेलकावणाऱ्या पडावांतून हेलकावणाऱ्या बोटीवर म्हाताऱ्यांना, लेंकुरवाळ्यांना, ट्रंकांना व फणसांना एकाच तऱ्हेनें ओढून घेत. ज्यास समुद्र सोसत नसे त्यास ‘बोट लागली’ असें म्हणत. लागणें या क्रियापदाचे आपल्या भाषेंत पुष्कळ अर्थ आहेत. परंतु या अर्थानें तें ज्याच्या वांट्यास आलें, त्यास इतरांची आठवण राहत नसे.

हा व्यवहार बहुतांशीं परक्या भांडवलाच्या हातीं होता. स्वदेशीचें वारें वाहूं लागलें तेव्हां तें जमिनीवरच थांबलें नाहीं. दक्षिणेंत चिदंबरम् पिळ्ळै यांनीं 1906 सालीं तुतिकोरिन येथें स्वदेशी आगबोट कंपनी काढली. 1919 सालीं सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनच्या प्रवासास निघाली. कोंकण किनाऱ्यावरही लोकांच्या वर्गणींतून, लोकांच्या मालकीची अशी एक सहकारी नौकानयन कंपनी उभी राहिली. उतारू तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. पोटापाण्यासाठीं मुंबईस जाणारा, महिन्याच्या पगारांतून घरीं मनीऑर्डर धाडणारा माणूस एका आगबोटीस ‘माझी’ म्हणूं लागला, ही मला त्या काळची साधी गोष्ट वाटत नाहीं. बोटींस नांवें दिलीं गेलीं तीं संतांचीं. ‘रामदास’ हें त्यांतलेंच. समुद्रावर जाणाऱ्या श्रद्धाळू माणसास लॉर्ड साहेबांच्या नांवापेक्षां संतांचें नांव जवळचें वाटावें, यांत आश्चर्य नाहीं. मात्र नांवाचें कवच समुद्र मानीत नाहीं, हें या किनाऱ्यास आधींच ठाऊक झालेलें होतें. 1927 सालच्या नोव्हेंबरच्या 11 तारखेस ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशीं वादळांत गेल्या होत्या.

‘रामदास’ विलायतेंत टाईन नदीवरील स्वान हंटर यांच्या प्रसिद्ध कारखान्यांत बांधली गेली. लांबी 179 फूट, रुंदी 29 फूट. पांच एसटी गाड्या एकीमागें एक उभ्या कराव्या इतकी ती लांब, आणि रुंदीनें आमच्या शाळेच्या दीड खोलीएवढी. हें प्रमाण श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावें. कांहीं वर्षांनीं ती बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आली.

तिचें नित्याचें काम दिमाखाचें नव्हतें. सातासमुद्रांपलीकडे जाणाऱ्या बोटींच्या हकिकती पुस्तकांत येतात. धक्क्यावरून माणसें उचलून पलीकडच्या किनाऱ्यास सोडणाऱ्या बोटीची हकीकत कोण लिहितो? अशा बोटीच्या पोटांत बाष्पपात्र आणि इंजिन असतें. तेथें आगवाले आगीपुढें घामानें निथळत उभे. त्यांस समुद्र दिसत नाहीं, दिसतो तो वाफेचा दाब दाखविणारा कांटा. वर तुतकावर उतारू. त्यांत कामगार, कोळणी, व्यापारी, सुट्टीस निघालेले विद्यार्थी, माहेरवाशिणी, आणि त्यांच्या पायांशीं गांठोडीं, करंड्या, पत्र्याच्या पेट्या. भोंगा होतो, फळी काढली जाते, दोर सुटतात. तासा दीड तासानें पुन्हां दोर बांधले जातात. हें दिवसांमागून दिवस. प्रवास इतका छोटा, कीं त्याची भीति मनांत राहतच नाहीं. टांग्यांत बसण्यास जेवढी तयारी लागते, तेवढीच त्या बोटींत बसण्यास लागे.

येथें एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व प्रकार तींत सांठविलेला आहे. पावसाळा लागला, कीं कोंकण किनाऱ्याच्या लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत. खवळलेल्या समुद्रापुढें शहाण्या माणसानें हट्ट करूं नये, ही रीत जुनी आहे. परंतु मुंबई बंदराच्या आंतील रेवस, धरमतर अशा जवळच्या फेऱ्या पावसाळ्यांतही चालत. कारण बंदर म्हणजे आडोशाचें पाणी, जवळजवळ सरोवरच. नकाशांत पाहिल्यास तसेंच दिसतें. मात्र त्या सरोवराचें दार नैऋत्येकडे उघडें आहे. एका बाजूस कुलाबा, दुसऱ्या बाजूस थळचा किनारा व त्यापुढील खांदेरी-उंदेरी; आणि त्या दारांतून पावसाळ्यांतील वारा व लाटा थेट आंत येतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे आग्नेयेस निघालेल्या बोटीस तें दार ओलांडावें लागतें. त्या वेळीं लाटा तिच्या तोंडावर येत नाहींत, उजव्या कुशीवर येतात. बैल समोरून आला तर माणूस बाजूस होतो; बरगडींत शिंग बसतें तें बाजूनें आलेल्या बैलाचें.

17 जुलै 1947 हा गुरुवार होता. आषाढांतली अमावास्या, आपल्याकडे जिला दिव्यांची अंवस म्हणतात, ती. त्या दिवशीं घरोघर समया, निरांजनें घांसून पाटावर मांडतात. मुंबईंत राहणारे अलीबाग-रेवसकडचे चाकरमाने सणास घरीं निघाले होते. सकाळीं आठ वाजतां बोट सुटली. बोटीवर सातशेंहून अधिक माणसें होतीं. पाऊस होता, वारा होता आणि अमावास्येच्या उधाणाचे दिवस होते. सुमारें अर्ध्या तासानंतर, मुंबईपासून कांहीं मैलांवर, काशाच्या खडकाच्या बाजूस बोट असतां लाटांचा जोर वाढला, पाणी तुतकावर आलें, बोट कलली. उतारू घाबरून उठले आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धांवले. गळ्यांत अडकवावयाचीं तरंगतीं कडीं थोडीं, हात पुष्कळ. इतक्यांत आणखी एक मोठी लाट आली. बोट कुशीवर आडवी झाली ती पुन्हां सरळ झाली नाहीं. हें सर्व कांहीं मिनिटांत घडलें.

आतां त्या 29 फुटांकडे वळूं. बोट पाण्यांत बसते तेव्हां तिचें वजन एका मध्यबिंदूंतून खालीं ओढतें, आणि पाणी तिच्या बुडालेल्या भागाच्या मध्यांतून वर ढकलतें. बोट एका बाजूस कलली, कीं त्या बाजूचा भाग अधिक बुडतो, पाण्याचा रेटा त्या बाजूस सरकतो आणि बोटीस पुन्हां उभी करतो. कललेलें गलबत सरळ होतें तें या नियमानें. पण ही युक्ति चालते कोठपर्यंत? वजन खालीं आणि आपल्या जागीं आहे तोंपर्यंत. कोळसा, तांदूळ, मीठ, विटा हा माल एकदां नीट रचला, कीं जागचा हलत नाहीं. माणूस हा एकच माल असा, कीं ज्यास पाय आहेत, डोळे आहेत आणि भय आहे. सातशें माणसें, सरासरीनें पंचावन्न किलो धरलीं, तरी साडेअडतीस टन होतात. तें ओझें बोटीच्या तळाशीं नाहीं, वर तुतकावर आहे. आणि तें एका कठड्याकडून दुसऱ्या कठड्याकडे निमिषांत जातें. काहिलींतला नावाडी ‘उठूं नका’ म्हणतो तें याचसाठीं. परंतु पांच माणसांना ‘उठूं नका’ म्हणतां येतें. पावसांत भिजलेल्या, पायांशीं पाणी आलेलें पाहणाऱ्या सातशें माणसांना तें कोण सांगणार, आणि त्यांनीं तें कां ऐकावें? लोक भ्याले म्हणून बोट बुडाली, असें म्हणणारे भेटतात. मला तें म्हणणें पटत नाहीं. भिणें हा उतारूंचा हक्क आहे. उतारू भितील हें धरूनच बोट भरली पाहिजे आणि सोडली पाहिजे. ऊस तोडावयास आमच्या जिल्ह्यांतून दर दिवाळीच्या आगेमागें निघणाऱ्या ट्रकांवर आणि ट्रॉल्यांवर संसारासह बसलेलीं माणसें पाहिलीं, म्हणजे हा हिशेब केवळ समुद्राचा नाहीं असें मला वाटतें. पण तो निराळा विषय आहे.

असाच प्रकार एका खऱ्याखुऱ्या सरोवरावरील आगबोटीच्या बाबतींत घडला होता, आणि तोही जुलै महिन्यांतच. अमेरिकेंत मिशिगन सरोवर आहे. सरोवर म्हटलें तरी त्यांत आमच्या बीडएवढे पांच जिल्हे सहज मावतील. त्यावर ‘ईस्टलंड’ नांवाची, 1903 सालीं बांधलेली आगबोट उतारूंची नेआण करीत असे. ती वरून जड म्हणून प्रसिद्ध होती. 1912 सालीं ‘टायटॅनिक’ बुडाली. जीवनौका अपुऱ्या होत्या म्हणून जगभर ओरड झाली, आणि ‘ईस्टलंड’वर अधिक जीवनौका व तराफे चढविण्यांत आले. ते अर्थात् वरच चढले. 24 जुलै 1915 रोजीं शिकागो नदींतील धक्क्याशीं दोर बांधलेलेच असतां, एका मोठ्या कारखान्याच्या कामगारांना वनभोजनास नेण्यासाठीं अडीच हजारांहून अधिक माणसें तिजवर चढलीं, आणि ती उभ्या जागीं, वीस फूट पाण्यांत, आडवी झाली. 844 माणसें मेलीं. लाट नाहीं, वारा नाहीं, खडक नाहीं. प्राण वांचविण्यासाठीं आणलेल्या नावांचें वजनही तिला खालीं नेण्यास उपयोगी पडलें. पुढें तिला वर काढून आरमारांत घेतलें, आणि अखेर 1947 सालीं मोडींत काढलें. म्हणजे ज्या सालीं ‘रामदास’ गेली त्याच सालीं.

‘रामदास’च्या हकिकतींत जें थोडें प्रकाशाचें आहे, तें कोळ्यांचें आहे. मासळी घेऊन रेवसकडून मुंबईस निघालेल्या मचव्यांस पाण्यांत माणसें दिसलीं. त्या दर्यावर्दी लोकांनीं आपली मासळी समुद्रांत टाकून दिली आणि रिकाम्या झालेल्या मचव्यांत माणसें ओढून घेतलीं. ज्यास दिवसाच्या कमाईवर चूल पेटवावी लागते, त्यानें भरलेला मचवा रिता करावा, याचा हिशेब आमच्या कोरडवाहू शेतकऱ्यास बरोबर कळेल. खळ्यावर आलेलें धान्य उधळून देण्यासारखेंच तें आहे. आणि तो निर्णय त्यांनीं अशा समुद्रांत घेतला, कीं ज्यांत सातशें माणसांची आगबोट नुकतीच गेली होती. कांहीं डझन माणसें त्यांच्या हातीं लागलीं. बुडणाऱ्या माणसाच्या बाजूनें त्या पाण्यावर मचवा हेंच एक सरकार होतें.

मग मुंबईचें सरकार, बंदरखातें, कंपनी हे सर्व कोठें होते? तीं आपापल्या जागीं होतीं. त्यांस कळलेंच नव्हतें. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. छोट्या पल्ल्याच्या बोटीस त्याची जरुरी कोणास वाटली नव्हती. शहरांत दुपारपर्यंत कोणास कांहीं पत्ता नव्हता. तरंगत्या कड्याच्या आधारानें एक लहान मुलगा वाहत वाहत अपोलो बंदराकडे पोंचला आणि त्याच्या तोंडून ही बातमी मुंबईस कळली, अशी हकीकत सांगितली जाते. सकाळीं साडेआठच्या सुमारास घडलेली गोष्ट शहरभर पसरावयास सायंकाळ झाली. 

हें आपल्याशीं रेडिओवरून बोलतांना माझ्या मनांत विशेष खुपतें. मुंबईचें नभोवाणी केंद्र 1927 सालच्या जुलैच्या 23 तारखेस सुरू झालें. म्हणजे ‘रामदास’ बुडाली त्या आठवड्यांत मुंबईच्या नभोवाणीस वीस वर्षें पुरीं होत होतीं. वीस वर्षें त्या शहरांतून बिनतारीनें गाणीं, बाजारभाव, व्याख्यानें आणि लढाईच्या बातम्या लाखों लोकांच्या कानांवर जात होत्या. त्याच हवेंतून ‘आम्ही बुडत आहोंत’ एवढे तीन शब्द पाठविण्याची सोय मात्र त्याच शहराच्या उंबरठ्यावर असलेल्या बोटीस नव्हती. ‘टायटॅनिक’ला 1912 सालीं भर महासागरांत ती होती. तेथें बर्फ होता, अंधार होता, पण हाक पोंचली आणि ‘कार्पेथिया’ धांवून आली. येथें हाकेच्या अंतरावर मुंबई होती, दिवस उजाडलेला होता, आणि हाक मारण्यास साधन नव्हतें. अंतर मैलांनीं मोजूं नये, साधनांनीं मोजावें, हें मीं वर्गांत नकाशा शिकवितांना सांगत असें. त्यास याहून कठोर उदाहरण मला सांपडलें नाहीं.

या दुर्घटनेनंतर अशा बोटींवर बिनतारी यंत्र असावें, असा नियम झाला. प्रेतें पुढें कित्येक दिवस किनाऱ्यास लागत होतीं. अलीबाग, रेवस व भोंवतालच्या गांवांत एकाच घरांतील अनेक माणसें गेलेलीं होतीं. परंतु देशाचें लक्ष तेव्हां दुसरीकडे होतें. अवघ्या चार आठवड्यांवर स्वातंत्र्य येऊन ठेपलेलें, पंजाब आणि बंगाल यांची फाळणी ठरलेली. वर्तमानपत्रांत ‘रामदास’ कांहीं दिवस राहिली आणि मग मागें पडली. आमच्या जिल्ह्याची तर गोष्टच निराळी. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथें 17 सप्टेंबर 1948 पर्यंत लोकांस आपल्याच नावेची काळजी होती. मराठी माणसांच्या इतिहासांतील एवढा मोठा जलसमाधीचा प्रसंग, पण शालेय पुस्तकांतून तो मला कधीं शिकवावा लागला नाहीं. पानिपत शिकविलें, राक्षसभुवन शिकविलें. या सहाशें माणसांना तास मिळाला नाहीं. लढतांना मेलेल्यांस इतिहास जागा देतो, सणास घरीं जातांना मेलेल्यांस देत नाहीं. अलीबागकडील जुन्या घरांत मात्र ती तारीख पंचांग न पाहतां सांगतां येते, कारण ती दिव्यांच्या अंवसेशीं जोडलेली आहे.

कोंकणच्या आगबोटींचा तो जमाना सरला. 1998 सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली. पडाव, भोंगा, तुतक हे शब्द म्हाताऱ्यांच्या बोलण्यांत उरले. खाडीपलीकडे जाणारीं माणसें मात्र थांबलीं नाहींत. 2024 सालच्या 18 डिसेंबरला मुंबईच्या याच बंदरांत ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर एक वेगवान नाव आदळून पुन्हां माणसें बुडालीं, तेव्हां ‘रामदास’चें नांव वर्तमानपत्रांत परत एकदां आलें. 2020 सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसांना नेणारी मोठी बोट चालते. मोटारी खालच्या तळावर रांगेंत उभ्या असतात आणि पलीकडे पोंचेपर्यंत जागच्या हलत नाहींत. माणसें वर असतात. आणि किनारा दिसूं लागला, कीं सगळीं उठून एका कठड्याशीं जाऊन उभीं राहतात.